गोठा आवरल्यावर सांगितलेली बातमी

देवावर माझा राग होता, असं लिहिलं तर ते अर्धंच खरं होईल. राग माणसांवर होता. देव त्या माणसांना सामील झाला आहे, असं मला वाटत होतं. त्या वर्षी मी देवळात जात होते, जपमाळ करत होते, गुडघे टेकायच्या वेळी टेकत होते. पण ‘नमो मरिये’ म्हणताना मन आतून विचारत असे, माते, तुलाही ठाऊक होतं ना? मग तूही गप्प राहिलीस. ज्या बाईचं सगळं आयुष्य कामं नेमून देण्यात आणि ती वेळेवर झाली का ते बघण्यात गेलं, तिच्या हातून स्वतःचं मन सुटत चाललं होतं. हा प्रसंग मी आजवर कागदावर आणला नव्हता. आता लिहिते, कारण डिसेंबर आला की असं मन सुटलेली माणसं मला आमच्या लोकांत दिसतात, आणि ती फार हसत असतात.

आम्ही मूळ वसईचे. माझे मिस्टर बहारीनला आधी आले, जहाजांच्या एका एजन्सीत हिशेब बघायला. लग्नानंतर मी आले आणि एका खाजगी दवाखान्याचं भांडार सांभाळू लागले. मूलबाळ झालं नाही. मनामाच्या जुन्या भागात दोन खोल्या होत्या, आणि डिसेंबरात त्या दोन खोल्या म्हणजे वसईकरांचं कार्यालय असे. कुणी कुठलं गाणं म्हणायचं, तांदळाचं पीठ कोण दळून आणणार, करंज्या कुणाकडे आणि फुगे कुणाकडे तळायचे, बाळ येशूच्या देखाव्यातल्या गोठ्याचं गवत कुठून मिळवायचं, पलीकडच्या मुहर्रक बेटावरच्या घरांना कॅरल गायला कुठल्या संध्याकाळी जायचं आणि टॅक्सीत कोण कुणाच्या मांडीवर बसणार, सगळं माझ्या कागदावर असे. लोक चेष्टा करत, ‘हिच्या कागदावर नाव नसेल तर बाळ येशूसुद्धा जन्माला यायचा नाही.’ मला ते आवडायचं. घरापासून इतक्या लांब सण आपोआप येत नाही, तो ओढून आणावा लागतो, हे मला कळत होतं.

शहात्तरच्या डिसेंबरात माझी आई गेली. नाताळाआधीचा आगमनकाळ नुकताच सुरू झाला होता. मिस्टरांच्या ऑफिसात टेलेक्स आला, तो त्यांनी वाचला आणि घरी आले. मी टेबलाशी बसून गाण्यांचा क्रम लावत होते. ते माझ्या समोर बसले, चहा प्यायले, आणि काही बोलले नाहीत. त्याच आठवड्यात गावाहून रजा संपवून एक कुटुंब परतलं, त्यांच्याबरोबर बातमी सगळ्या वसईकरांत पोचली. सगळ्यांना कळलं. मला नाही. मी पीठ मळलं, गोठा बांधला, मुहर्रकच्या घरांपुढे उभी राहून सगळ्यांत मोठ्या आवाजात गायले. नाताळच्या दिवशी लाल साडी नेसले. नव्या वर्षाला नाचलेसुद्धा. जानेवारीत तीन राजांचा सण झाला, गोठा आवरला, मूर्ती वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात ठेवल्या, खोक्याला सुतळी बांधली, आणि मग मिस्टर म्हणाले, “जरा बस. आई गेली गं.” मी विचारलं, “कधी? आज?” त्यांनी सांगितलं. मी सुतळीचं उरलेलं टोक हातात धरून तशीच बसून राहिले.

गल्फमधल्या आमच्या लोकांची ही रीत होती, अजूनही आहे. तिकडे माणूस गेलं की दुसऱ्या दिवशी मातीला देतात, इथला माणूस काही झालं तरी पोचत नाही. मग सणाच्या तोंडावर त्याला कळवायचं कशाला? सण होऊ दे, पगार होऊ दे, रजा मंजूर होऊ दे, मग सांगू. कुणी वाईट बुद्धीनं करत नाही. पण त्या संध्याकाळी मिस्टरांनी सांगून पुरतं झालं नाही तोच दार वाजलं आणि बायका आत आल्या. सगळ्यांच्या अंगावर काळे कपडे, आणि कपडे इस्त्री केलेले. कुणाच्या हातात रश्शाचं पातेलं, कुणाच्या हातात पाव. म्हणजे वेळ ठरलेली होती. कुणी काय आणायचं तेही ठरलेलं होतं. ते काम इतकं व्यवस्थित झालं होतं की मीच नेमून दिलं असावं असं वाटलं.

आमच्यात सगळ्यांत वयस्क फिलोमिना मावशी, मुहर्रकला मुलाकडे राहायच्या. त्यांना मी त्या दिवशी तोंडावर विचारलं, “मावशी, तुम्ही माझ्या हातच्या करंज्या खाल्ल्यात. दुखवट्याच्या घरी गोड तळत नाहीत, मग तुमच्या घशाखाली कशा उतरल्या?” मावशी खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. पदरानं नाक पुसत म्हणाल्या, “उतरल्या बाये. चांगल्या झाल्या होत्या. तू रडत बसली असतीस तर आम्हा सगळ्यांचाच नाताळ गेला असता. आता शिव्या दे, ऐकून घेते.” मी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

महिन्याच्या मिस्सेला, म्हणजे आईसाठीच्या देवळातल्या प्रार्थनेला, मी गावी जाऊन आले. आईची खाट उभी करून ठेवली होती. कबरीवरची माती बसली होती. सगळ्यांचं रडून झालं होतं, घर पुन्हा रोजच्या कामाला लागलं होतं, आणि मी तिथे रडू लागले की भाऊ म्हणायचा, “आता पुरे गं, आता कशाला?” त्यांचं दुःख जुनं झालं होतं आणि माझं आणायला उशीर झाला होता. मी कोरडी गेले आणि कोरडी परत आले. बहारीनला आल्यावर म्हणाले, झालं ते झालं, आणि कामाला लागले.

वर्षभर मी ठीक दिसत होते. नोव्हेंबरात हवा गार झाली, संध्याकाळी खाडीवरून वारा सुटला, आणि माझं बिनसलं. झोप गेली. गॅस बंद केलाय की नाही ते उठून उठून बघायचे. मग ताळा जमवायचं वेड लागलं. अमुक दिवशी मी नाताळच्या फराळाचे कुलकुल वळत होते, त्या दिवशी तिकडे आईची सातव्या दिवसाची मिस्सा चालली असणार. अमुक संध्याकाळी आम्ही गात होतो, तेव्हा तिच्या कपड्यांची गाठोडी बांधली असणार. दवाखान्यात कापसाचे गठ्ठे मोजताना, रस्त्यावरून चालताना, जेवताना हाच ताळा चालू. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी मिस्टरांचा चेहरा. त्यांनी त्या नाताळला माझा फोटो काढला होता. लाल साडीतला. काढताना म्हणाले होते, “हस.”

मी हातावर हात ठेवून बसणारी बाई नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, गोळ्या दिल्या, त्या मी वेळेवर घेतल्या, आणि त्यांनी थोडी झोप लागली. गोळ्यांना मी नावं ठेवणार नाही, ज्यांना लागतात त्यांनी घ्याव्यात. फादरांना भेटले. ते परदेशी, फार मायाळू. म्हणाले, “तुझी आई स्वर्गात नाताळ साजरा करते आहे.” मला वाटलं, म्हणजे तिनेही मला सोडून साजरा केला. नोव्हेना धरली, नऊ दिवस नेमाने केली, कुठे चुकले नाही. दहाव्या दिवशी उठले तर छातीवरचा दगड होता तिथेच. देवाला मी माझ्या बाजूचं सगळं काम पुरं करून दिलं होतं आणि तो त्याच्या बाजूचं करत नव्हता.

मिस्टरांशी कामापुरतं बोलायचे. मीठ, भाडं, पाण्याची टाकी. ते ऑफिसातून आले की मी स्वयंपाकघरात, मी बाहेर आले की ते गॅलरीत. डिसेंबर लागला आणि आमच्यातल्या दोघी तिघी जणी नेहमीप्रमाणे नाताळचं ठरवायला आल्या. जणू काही झालंच नव्हतं. एक म्हणाली, “तू नाही घेतलंस तर कोण घेणार? आणि तुझंही मन रमेल.” मी त्यांना चहा दिला आणि सांगितलं की या वर्षी मी नाही. त्या गेल्यावर मी ठरवलं: गावी जायचं आणि परत यायचं नाही. भाऊ दोन दिवस कुरकुर करेल, मग ठेवून घेईल. रजेचा अर्ज दिला, दवाखान्याच्या ऑफिसात ठेवून घेतलेला पासपोर्ट सोडवून घेतला. मिस्टरांना सांगितलं नाही. ते मला सांगायचं टाळू शकतात, तर मीही टाळू शकते, असा हिशेब होता. फक्त जायचं तिकीट काढायचं राहिलं होतं.

त्या संध्याकाळी दवाखान्यातून परस्पर बाजाराकडे निघाले. तिकिटांचं ऑफिस बाजाराच्या पलीकडच्या अंगाला होतं. सगळं आखून निघालेल्या मला एक गोष्ट ध्यानात राहिली नव्हती. त्या वर्षी मोहरम नाताळाच्या आधीच्याच दिवसांत आला होता. त्यांचे महिने चंद्रावर चालतात, दर वर्षी मागे सरकतात. इतकी वर्षं राहून हे मला ठाऊक होतं, पण डोकं ताळे जमवण्यात गुंतलेलं. गल्लीगल्लीत काळी कापडं लावली होती. मी एका बोळातून मुख्य रस्त्यावर आले तर समोरून मिरवणूक. छाती पिटत येणारे पुरुष, ओळीमागून ओळ, आणि प्रत्येक तडाख्याबरोबर एकाच वेळी उठणारा आवाज. पुढे जायला वाट नाही. मागे वळले तर मागचा बोळही माणसांनी भरलेला. मी भिंतीला चिकटून उभी राहिले. तो आवाज भिंतीतून पाठीत शिरत होता, मी पर्स छातीशी आवळून धरली. आता आपण इथे पडणार आणि या गर्दीत कुणाला कळणारही नाही, एवढंच सुचत होतं.

तेवढ्यात कुणीतरी माझं मनगट धरलं. काळा अबाया पांघरलेली एक म्हातारी, चांगली जाडजूड. तिने काही विचारलं नाही, बाजारात हट्टी पोराला ओढतात तसं मला ओढलं आणि भिंतीतल्या एका बुटक्या दरवाजातून आत घेतलं. आत चौक होता, चौकापलीकडे लांबलचक खोली, आणि खोलीभर जमिनीवर दाटीवाटीने बसलेल्या बायका. बायकांचा मातम होता तो, शोकाला बसायची जागा. मी दारातच थबकले. म्हातारीला हिंदी येत होती. तिचा नवरा मुंबईच्या बंदरात मालाच्या होडीवर जायचा, हे तिने मागाहून सांगितलं. मी म्हणाले, “अम्मा, मैं क्रिश्चन है.” ती म्हणाली, “मालूम. गले में दिखता है. बैठ.” आणि शेजारणीला कोपराने ढोसून तिने माझ्यापुरती जागा केली.

मधोमध एक बाई उंच खुर्चीवर बसून पुस्तकातून म्हणत होती. अर्धं गाणं, अर्धा हंबरडा. मला अरबी भाजी-भाकरीपुरतंच येतं. मारल्या गेलेल्यांची कथा, मागे राहिलेल्या बायकांची कथा, एवढं चेहऱ्यांवरून कळत होतं. बायका मांडीवर हात आपटत रडत होत्या. तोंड लपवून नव्हे. म्हाताऱ्या, तरण्या, कडेवर लेकरं घेतलेल्या, सगळ्या उघड्या तोंडाने, गळा मोकळा सोडून. कुणी कुणाला पुरे म्हणत नव्हतं. म्हणता म्हणता त्या वाचणाऱ्या बाईने एक शब्द लांबवला, ‘यम्मा’. इथली पोरं गल्लीत आईला अशीच हाक मारतात. तो शब्द मला कळला. मग माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो मी आयुष्यात पूर्वी ऐकला नव्हता. आधी मला वाटलं, शेजारचीच कुणी ओरडली. मी पुढे वाकून जमिनीवर कपाळ टेकलं आणि आईला हाका मारल्या, आमच्या गावच्या बोलीत, जशा तिच्या खाटेशी बसून मारायला हव्या होत्या. त्या खोलीत कुणालाच नवल वाटलं नाही. म्हातारीचा जड हात माझ्या पाठीवर पडला आणि बाकीच्यांच्या ठेक्यातच पाठ थोपटत राहिला.

किती वेळ ते सांगता येणार नाही. मी मोजला नाही. मग वाचन थांबलं, बायकांनी डोळे पुसले आणि क्षणात सगळ्या बोलायला लागल्या, भाव, सुना, गुडघे. काचेच्या छोट्या पेल्यातून दाट गोड चहा आला. म्हातारीने माझ्याकडे बघून विचारलं, “कौन गया?” मी म्हणाले, “माँ.” “कब?” “एक साल.” तिने भुवया उचलल्या. “एक साल? इतना अंदर रखा? पेट खराब होता है.” तिच्या शेजारणीला तिने अरबीत काही सांगितलं, त्या दोघी हसल्या, वाईट हसल्या नाहीत. दारापर्यंत पोचवताना म्हणाली, “कल भी आना. कल का रोना और अच्छा है.” मीही हसले. तोंड धुतलं नव्हतं, नाक गळत होतं. तिचं नाव विचारायचं राहून गेलं. पुढे दोन तीनदा तो बोळ शोधला; दरवाजे सगळे सारखेच दिसतात. दैवी खूण म्हणावी की साधी माणुसकी, याचा निवाडा मी करत नाही. मी मातेला वर्षभर विचारत होते की तू गप्प का राहिलीस, आणि त्या संध्याकाळी मला एका खोलीत नेऊन बसवलं गेलं, जिथे कुणीच गप्प नव्हतं. एवढंच मला माहीत आहे.

रस्ता मोकळा झाला तोवर तिकिटांचं ऑफिस बंद झालं होतं. घरी आले. मिस्टर दारातच उभे होते, मोहरमच्या गर्दीत मी अडकले असेन म्हणून काळजीत. माझा चेहरा बघून ते मागे सरले. मी चपला काढल्या, जमिनीवरच बसले आणि म्हणाले, “टेलेक्स आला त्या दिवशी काय झालं ते मला सांगा. पहिल्यापासून. काही गाळू नका.” ते मग समोर भिंतीला टेकून बसले आणि सांगायला लागले. टेलेक्स घेऊन ते आधी समुद्रावर जाऊन बसले होते. घराच्या जिन्यात दोनदा परत फिरले होते. वर आले तेव्हा मी गाणं गुणगुणत होते.

“तुमच्या वडिलांचं तुम्हाला कसं सांगितलं?” मी विचारलं. सासरे आमच्या लग्नाआधीच गेले होते, मिस्टर तेव्हा इथे मेसमध्ये राहायचे, एवढंच मला माहीत होतं. कधी विचारलं नव्हतं.

ते जमिनीकडे बघत म्हणाले, “मेसमध्ये. शुक्रवारी. त्या दिवशी मटण केलं होतं. सगळे मला आग्रह करकरून वाढत होते, अजून घे, अजून घे. पोटभर जेवलो. हात धुऊन आलो तेव्हा सांगितलं की बाबा गेले, दोन महिने झाले.” मग म्हणाले, “मला त्यांनी जेवण दिलं होतं. मला वाटलं, मी तुला निदान नाताळ देतोय.”

“मला नको होता तो.”

“कळतंय आता.”

“तुम्ही रडलात तेव्हा?”

“पोट इतकं भरलेलं होतं,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला. माझ्या डोळ्यांदेखत माझा नवरा पहिल्यांदा रडला. मी त्यांना पुरे म्हटलं नाही. पाठीवर हात ठेवला आणि बसून राहिले. माफ केलं असं म्हणणार नाही. त्या दिवशी केलं नव्हतं, आणि पुरतं अजूनही झालंय की नाही ते देव जाणे. पण रजेचा अर्ज मी दुसऱ्या दिवशी मागे घेतला.

त्या वर्षी नाताळ माझ्याशिवाय झाला आणि झालाच. गाणी बेसूर झाली, फुगे कच्चे राहिले, गोठ्यात एक मेंढी कमी होती. आम्ही दोघं देवळात शेवटच्या बाकावर बसलो, आईच्या आणि सासऱ्यांच्या नावाने मिस्सा दिली. मला आनंद झाला नाही. पण मला आनंद व्हावा अशी कुणाची सक्ती नव्हती, आणि त्या मोकळेपणात मी कित्येक महिन्यांनी देवाशी खरं बोलले. शरण जाणं म्हणजे काय, हे मी चुकीचं शिकले होते. मला वाटायचं, ओठ मिटून ‘तुझी इच्छा’ म्हणायचं. आता वाटतं, आधी त्याच्यापुढे तोंड उघडावं लागतं. कोंडलेलं माणूस त्याच्या हाती तरी कसं लागणार?

याला आता कितीतरी वर्षं झाली. आम्ही अजून इथेच आहोत. डिसेंबरात मी अजून थोडीफार कामं वाटून देते, पण एक काम माझ्याकडे ठेवलं आहे. गावाहून कुणाची बातमी आली आणि घरच्यांना ती सणापर्यंत लपवायची असली, तर मी ऐकत नाही. त्याच दिवशी जाते, सांगते, आणि त्या माणसाचं रडून होईतो बसते. यावरून भांडणं झाली. एका वर्षी ऐन नाताळच्या आदल्या दिवशी मी एका घरी गेले आणि त्यांची सगळी कॅरलची मंडळी मोडली. त्यांच्यातले दोघे अजून माझ्याशी बोलत नाहीत. न बोलोत. सण बुडाला तर पुढच्या वर्षी येतो.

आता डिसेंबरात मी कुणाचं दार वाजवलं की उघडणाऱ्याचा चेहरा आधी पांढरा पडतो. मी घाईने सांगते, “काही नाही रे, साखर मागायला आले.” मग आतून कुणीतरी खुर्ची पुढे करतं. त्या पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याबद्दल मला वाईट वाटतं. तरीही ज्याने मोहरमच्या त्या संध्याकाळी माझी वाट अडवली, त्याचे मी उपकार मानते, आणि साखर घेऊन घरी येते.